पत्ता अपुरा

पहिल्या अहवालावर आलं: दोन प्लस.
म्हणजे हो नाही, आणि नाहीही नाही.
यांनी चष्मा कपाळावर सारला,
कागद खिडकीकडे धरला
आणि शेरा मारला, "पत्ता अपुरा."

चौतीस वर्षं आरएमएसची रात्रपाळी.
बडोदे स्टेशनातल्या त्या कोंदट खोलीत
यांच्या बोटांखालून पाकिटं खणाखणांत गेली.
'डांड्या बाजार, तात्यांना मिळावे'
एवढंच लिहिलेलं पत्रसुद्धा
यांनी कधी परत धाडलं नाही.

पोटातला तोच तुकडा, मेणात बसवलेला,
पुन्हा तपासायला अहमदाबादला गेला.
अकरा दिवस.
मी पिठलं केलं, टाकलं.
जशोदाबेनच्या ढिल्या खिचडीचे दोन चमचे गेले
तर गेले.

बाराव्या दिवशी फोन: पॉझिटिव्ह.
आणि आम्ही, वेडे,
पेढे आणायचं मनात आणलं.
आणले नाहीत.

डॉक्टर पारीखांनी पॅडच्या पाठीवर एक गोळा काढला,
गोळ्याला काटे, दाट, बाभळीसारखे.
"औषध ह्या काट्यांनाच धरतं.
बाकीच्यांना शक्यतो नाही."
'शक्यतो' मी ऐकलं.
यांनी विचारलं, "आणि सोबतचं ते दुसरं?"
ते दारोदार जातं: जीभ, नखं, केस, सगळीकडे.
"म्हणजे निवडणुकीची पत्रकं," हे म्हणाले,
"आणि हे रजिस्टर्ड."
डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

दर एकवीस दिवसांनी हेतलबेन शीर शोधतात.
बाटलीतून उतरतं ते पाण्यासारखं,
ना रंग, ना वास,
इथल्याच कंपनीचं, निम्म्या किमतीचं,
तरी माझ्या पाटल्या गेल्याच.

दर तीन महिन्यांनी हृदयाची तपासणी.
औषध कधीकधी तिथलंही दार वाजवतं म्हणे.
मी घाबरले.
हे म्हणाले, "एकाच पोळमध्ये दोन जयंतीलाल.
व्हायचंच."
पण त्या रात्री पाहिलं:
छातीवर हात ठेवून पडले होते,
आत कुणी आलंय का, ऐकत.

गाठ पाच होती, साडेतीन झाली.
गेली नाही. कमी झाली.
किती दिवस, हे डॉक्टर सांगत नाहीत,
मीही विचारत नाही,
हे तर रेल्वेचं वेळापत्रक पाठ असलेला माणूस.

काल काउंटरवरच्या पोराने
फॉर्मवर घाईत लिहिलं: रावपुरा, वडोदरा.
यांनी खिडकीतून हात घातला,
सुई टोचून निळा पडलेला हात,
त्याचं पेन घेतलं
आणि सावकाश, एकेका चौकटीत एकेक आकडा,
पिनकोड भरला.