सोळांकूरपाशी तुटलेली ओळ

रात्री दोन चाळीसला सर्जेराव खाडेंचा फोन :
"मॅडम, मशीन मेलंय. धा दिवसाची बिलं अडकल्यात.
सकाळी गावागावातनं फोन सुरू हुतील."

मशीन मेलेलं नसतं सहसा.
मेलं असतं तर दारच उघडलं नसतं.
मंगळवार पेठेत पलंगावर मांडी घालून बसल्या बसल्या
मी शिरोलीच्या त्या थंडगार खोलीत शिरते,
दूध संघाच्या सर्व्हरवर,
एक ओळ, एक किल्ली, आत.

आधी अपटाइम. चारशे बारा दिवस जागं.
पुढे लोडचे तीन आकडे :
या मिनिटाचा, पाच मिनिटांचा, पंधराचा.
पहिला मोठा असेल तर आग आत्ता लागलीय,
शेवटचा मोठा असेल तर आपण राख बघायला आलोय.
आज तिन्ही शून्याला टेकलेले.
म्हणजे दमलेलं नाही,
अडलंय.

उद्यमनगरात अण्णांची लेथ होती.
बेअरिंगचा संशय आला की
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटलेले.
"लगेच खोलायचं नाही," म्हणायचे,
"खोलल्यावर निम्मं तूच बिघडवशील.
आधी ऐक."

मी टेल लावते. बिलांच्या लॉगचं शेपूट.
कागल, म्हैस. गारगोटी, गाय. बाजारभोगाव, म्हैस, म्हैस.
शेवटची ओळ एक वाजून बारा मिनिटांची :
सोळांकूर, म्हैस, फॅट सहा पॉइंट
आणि पुढे काही नाही.
बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तसं.

डीएफ म्हणतं, डिस्क शंभर टक्के भरली.
डीयू म्हणतं, मी घरभर फिरून मोजलं, साठसुद्धा होत नाहीत.
दोघंही खरं बोलतात.
पंचाईत तीच आहे.

हिस्टरी उघडली.
काल दुपारी चार वाजून पाच मिनिटं,
कुणीतरी एक अवजड लॉग आरएमने पुसलाय.
खातं माझं.
(चहा आला होता. घाईत होते.)

पुसलेली फाईल लगेच जात नाही.
नाव जातं, यादीतून जातं,
पण एखाद्या प्रोसेसनं ती उघडी धरली असेल
तर ती असते तिथेच, बिननावाची, सगळ्या वजनासकट,
वर आणखी वाढतही असते.
लेथ विकून दोन वर्षं झाली.
गाळ्याचा मीटर अजून अण्णांच्या नावावर,
शून्य युनिटचं बिल येतं, मी भरते.

एलएसओएफ नाव नसलेल्यांची यादी काढतं.
एकच सापडली. धरणाऱ्याचा नंबर एकोणीसशे सात.

इथं नवखा माणूस किल नऊ मारतो.
मीही मारायचे.
मुजावर सरांनी एकदा माझं मनगट धरलं होतं :
"पोरी, झोपलेल्याला उठवताना पाणी ओततात का?"
नवाने अर्धी बिलं फाटली असती.
मी हलकी हाक मारली, एचयूपी :
बाबा रे, जुनं सोड, नवं धर.

डीएफ पुन्हा. एकोणसाठ.

"सुटली!" फोनवर सर्जेराव, मागे कॅनचा खणखणाट,
"नाद खुळा, मॅडम. काय केलासा?"
काय सांगणार. माझीच चूक काढली.

झोपण्याआधी क्रॉनटॅबमध्ये एक पहारेकरी बसवला :
ऐंशी टक्के झाले की मला उठव.
वरच मुजावर सरांची जुनी ओळ आहे,
दर रविवारी सव्वातीनला काहीतरी करणारी,
तिच्या डोक्यावर टीप : "काढू नका. कारण सोमवारी सांगतो."
सर त्याच शनिवारी निवृत्त झाले.
सहा वर्षं मी विचारलं नाही, काढलीही नाही.
माझ्या ओळीवर मात्र कारण लिहिलं,
तारखेसकट, चहासकट.

शेजारच्या तालमीत दिवा लागला.
टेल अजून चालूच होता,
बंद करायला हात गेला
आणि ओळ आली :

सोळांकूर, म्हैस, फॅट सहा पॉइंट आठ.