साडेबावीस

ओस्त्रावा. स्टेडियमचं तळघर,
धुलाईच्या खोलीला लागून माझं यंत्र.
बावीस वर्षं रॅकेटी विणते आहे.
चेहरे विसरते मी. कुणाला किती ताण लागतो,
ते विसरत नाही.

इलिंका द्रागोदान : उभ्या ताती चोवीस किलो, आडव्या तेवीस.
पहिल्यांदा आली तेव्हा सतराची होती.
रॅकेटी वडिलांनी आणल्या,
आकडाही वडिलांनीच सांगितला.
ती त्यांच्यामागे उभी राहून
एक नासपती खात होती, बियांसकट, देठासकट,
पुन्हा कधी खायला मिळेल कोण जाणे, अशी.

त्या वर्षी ती उपांत्य फेरीत गेली
आणि ब्रइलाच्या एका बेकरीने
तिच्या नावाचा पाव काढला.
पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी हरली.
पावाचं काय झालं, मी विचारलं नाही.

माझ्या खोलीत छोटा टीव्ही आहे, आवाज गेलेला.
आवाज नसला की दिसतं जास्त.
पुरुषाचा पॉइंट गेला की पडद्यावर पुन्हा चेंडू येतो,
कुठे पडला, किती बाहेर.
तिचा गेला की आधी तिचा चेहरा,
मग वडिलांचा, मग परत तिचा,
हरवलेला चेंडू जणू
तिच्याच गालाखाली दडून बसलाय.

एकदा रात्री साडेअकराला एकटीच खाली आली.
न बोलता फोन माझ्यापुढे धरला.
तिच्यावर आठशे युरो लावून बुडालेला कुणी
तिच्या आईला कसं मरण यावं, ते लिहीत होता.
विरामचिन्हं अगदी जागच्या जागी.
मी म्हटलं, काढून टाक.
ती म्हणाली, हा बरा आहे, निदान हरण्याबद्दल बोलतोय.
आज हात मिळवताना मी हसले,
तर एजंट म्हणतो, रडली असतीस
तर परफ्युमवाल्यांना बरं वाटलं असतं.

मग यंत्राच्या चिमट्याकडे बघत बसली.
न खेळता नुसती ठेवली तर उतरतो का गं ताण?
उतरतो, मी म्हटलं. रात्रीतून थोडा.
पण कुणी बोट लावायचं नाही.

मधे तीन वर्षं आलीच नाही.

यंदा ट्राम थांब्यावर तिचा फोटो होता, खाली मोठ्या अक्षरांत
'आई परतली'.
नाव शोधलं मी, चष्मा लावून शोधलं.
कोपऱ्यात घड्याळाच्या कंपनीचं सापडलं.

या वेळी रॅकेटी तिनेच आणल्या.
साडेबावीस, म्हणाली. आडव्या एकवीस.
चेंडू जरा टेकू दे.
मी वर पाहिलं. दंड जाड झाले होते,
डोळ्यांखाली न झोपलेल्या बाळाच्या रात्री,
आणि आकडा सांगताना
ती मागे वळून कुणाकडे बघत नव्हती.

दुसऱ्या फेरीत हरली. साडेतीन तास.
वर पत्रकारांनी विचारलं, पोशाख सैल का,
मुलगी कुणाकडे आहे,
आणि इतक्या दिवसांनी ताण जाणवतो का.
ती म्हणाली, साडेबावीस. आडवा एकवीस.
कुणी हसलं नाही. एकाने लिहून घेतलं,
दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो आकडा
तिच्या वाढलेल्या वजनाचा म्हणून आला.

त्याच रात्री ती खाली आली, तात तुटलेली रॅकेट घेऊन.
मी कात्री दिली.
मधून सुरू कर, म्हटलं, मग एकेक बाहेर,
कडेपासून कापलीस तर चौकट पिचते.
पहिली तात सुटताना चाबकासारखी वाजली,
दचकलो दोघी.
पुढच्या मात्र मुकाट सुटत गेल्या.

रिकामी चौकट तोंडासमोर धरून
तिने मला बघितलं, बराच वेळ.
मग विचारलं,
शेवटची ट्राम किती वाजता असते इथे?