आवक

सहा लाकडी पेट्या, एकूण अकरा टन चारशे.
मी चलनावर सही केली, वेळ टाकली : दुपारी दोन दहा.
मे महिना, जळगाव एमआयडीसी.
उन्हात राहिलेला पाना उचलायला फडकं लागत होतं,
आणि पेटीची पहिली फळी निघाली तसा
आतून गार वास आला,
ग्रीसचा, भुशाचा, कुठल्यातरी बंद खिडकीचा.

मुराद तडवीने फोर्कलिफ्ट मागे घेतली.
"मॅडम, ह्यात हिवाळा भरून पाठवलाय."

चटईचा माग. जर्मन. वापरलेला.
शेठ म्हणाले, तिकडे परवडेना :
एका माणसाच्या पगारात
इकडे तिन्ही पाळ्या निघतात, वर चहा.
त्यांनी हिशेब म्हणून सांगितलं,
आणि हिशेब बरोबर होता. मी दोनदा केला.

सुपडू बडगुजर, एरंडोलचा, आमचा फिटर.
आधीची दोन जगली नाहीत
म्हणून ह्याला जन्मताच सुपात घातलं.
त्याने पितळी मुठीवर हात ठेवला
आणि काढून घेतला.
अंगठ्याचा खळगा होता तिथे,
वर्षानुवर्षं दाबून झालेला,
पण उलट्या बाजूला.
"डावखोरा व्हता भो."
उंचही असावा. मूठ सुपडूच्या कपाळाला येत होती.
त्याच पेटीच्या फळ्या ठोकून
सुपडूने स्वतःसाठी पायरी केली.

झाकणाच्या आत पेन्सिलीने तारखा,
पट्टा बदलल्याच्या. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव,
सातच्या पोटातून आडवी रेघ.
एकच अक्षर, पुढे पुढे थोडं थकलेलं.
शेवटची तारीख नोव्हेंबरातली,
आणि तिच्याखाली पट्टा नाही, एक शब्द.

मुरादने फोन धरला.
फोन आधी म्हणाला : सणाची संध्याकाळ.
हात हलला. पुन्हा धरला.
म्हणाला : काम सुटण्याची वेळ.
"म्हंजे सुट्टी व्हयनी," सुपडू म्हणाला,
आणि तिघंही थोडा वेळ
झाकण उघडंच धरून उभे राहिलो.

माझ्या वहीत तीन रकाने : आवक, खर्च, शिल्लक.
मी लिहिलं, माग, एक नग, आवक.
त्या गावात ह्याची जावक
कुणी लिहिली असेल, कुठल्या शाईने?
आमच्या गेटवर इंदूबाई कोळी
कळण्याची भाकरी आणि ठेचा विकते, पाळी सुटली की.
तिथेही गेटवर कुणीतरी असेलच.
तिचा रकाना कुठल्याच वहीत नसतो.

पोपटी चटया निघाल्या, जांभळ्या निघाल्या.
एक कंटेनर हॅम्बुर्गला गेला,
तेव्हा मुराद म्हणाला, तो त्यावरच पडला असेल,
डावा हात डोक्याखाली घेऊन,
घरच्या अंगणात, भर कामाच्या दिवशी.
आम्ही हसलो. मग नाही हसलो.

ह्याला चार वर्षं झाली.
मागच्या आठवड्यात दोन पाहुणे आले.
त्यांनी टेप लावून लांबी घेतली,
नंबरच्या पत्र्याचा फोटो काढला,
शेठनी त्यांना गार पाण्याच्या बाटल्या मागवल्या.
टेबलावर राहिलेल्या कार्डावर आदिस अबाबा.
कुणी काही बोललं नाही.
नुसते बघायला आले होते, असं शेठ म्हणाले,
आणि नव्या पट्ट्यांची माझी मागणी
सही न करता परत आली.

काल सुपडूने पट्टा बदलला.
पेन्सिल कानामागून काढली,
त्या जर्मन शब्दाखाली आमच्या चार तारखा होत्याच,
पाचवी लिहिली, मराठी आकड्यांत,
आणि खाली वीतभर जागा कोरी ठेवली.
पायरीवरून उतरता उतरता विचारलं,
"मॅडम, तठला फोनले अहिरानी येई का?"

मी वही उघडली.
पट्टा, एक नग, खर्ची.
शिल्लक : दोन.