म, ग, र

रणधीर शिर्के, वय वर्षं तेरा.
जूनमध्ये आला तेव्हा पुस्तक उलटं धरायचा
आणि नाक खुपसून वास घ्यायचा.
नव्याला हसायचा, जुन्याला शिंकायचा.
तेवढं वाचन त्याला येत होतं.

दांडिया बाजारात जिना चढून आमच्या दोन खोल्या.
खाली झेरॉक्सचं दुकान. मशीन चाललं
की फरशी थरथरते आणि कुंजल टाळ्या वाजवते.

त्याच्या आईला मराठी हवी.
"पत्रंबित्रं कोण लिहितंय हो आता,
पण आपली अक्षरं तरी."
वडील प्रतापनगरला, रेल्वेच्या कारखान्यात. ते म्हणाले,
"बोर्ड वाचता आला पाहिजे. बसचा. संडासाचा."
बोर्ड गुजराती.

मी म घेतला, ग घेतला, र घेतला.
काना नाही, वेलांटी नाही,
आणि शब्द त्याच्या ओळखीचा:
दोन पावसाळ्यांपूर्वी आत्याच्या सोसायटीत
एक शिरली होती, जिन्याखाली, रात्रभर.

खरकागदाची अक्षरं कापली.
त्याचं बोट धरून फिरवलं त्यांच्यावरून,
पोह्यांच्या ताटात, ओल्या फरशीवर,
मग त्याच्या पाठीवर,
तेव्हा म च्या गाठीलाच त्याला गुदगुल्या होऊन
तो खाली बसायचा, मीही बसायचे.

बोट दर वेळी वरच्या रेघेवर.
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
जणू दोरी बांधून झालीय
आणि कपडे अजून धुवायचेत.
ऑगस्ट गेला. गरब्यात कोणी आलंच नाही.
नोंदवहीत लिहिलं, प्रगती नाही.
"नाही" खोडून "मंद" लिहिलं.
तेही खोडलं. कागद फाटला.

दिवाळीनंतर एका दुपारी
मी कात्री घेतली आणि रेघाच कापून टाकल्या.
आमच्या जोगळेकर बाई असत्या तर पट्टी बसली असती,
बोडकं अक्षर म्हणजे त्यांना अपशकुन.
पट्ट्या टेबलावर पडल्या.
रणधीरनं एकेक वेचून खिशात घातली
आणि मग, बोटाला धावायला जागा न उरल्यामुळे
असेल, मला माहीत नाही,
खाली पाहिलं.

म, तो म्हणाला.
चार दिवसांनी ग. र ला नाताळ उजाडला.
पण दोन अक्षरांच्या मधे इतकं अंतर
की एखादी रिक्षा मांडवीला जाऊन परत यावी.
तीन शेजारी, बोलणं बंद.

जानेवारीत मुलांना घेऊन निघालो,
नऊ जण, एक दोर, दोराला नऊ गाठी.
विश्वामित्रीच्या पुलावर दोर ताठ झाला.
मागे पाहिलं तर रणधीर उभा.
समोर महानगरपालिकेचा पिवळा पत्रा,
चित्र होतं तिथं आता नुसता गंज.

म.
ग.
ट्रक गेला, पूल हलला.
र.
पुन्हा एकदा, थोडं जवळजवळ.
मग त्यानं कठड्यावर वाकलेल्या कुंजलला
फ्रॉकला धरून मागे ओढलं
आणि स्वतः दोन पावलं मागे सरला.

पाण्यात काही नव्हतं. एक बगळा,
एक दुधाची पिशवी.
मी "शाबास" म्हणायला तोंड उघडलं
तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं.
आम्ही अकरा माणसं, मी आणि सरलाबेन धरून,
पुलावर श्वास रोखून उभी,
मागून स्कूटरवाले हॉर्न देतायत.

संध्याकाळी आईला सांगितलं.
ती रडेल असं वाटलं होतं. म्हणाली,
"त्या पट्ट्या धुण्यात गेल्या, बाई.
सगळ्या खिशाचा लगदा झाला."
मग बऱ्याच वेळानं, चपला घालता घालता,
"पण वाचलं कशात? मराठीत की गुजरातीत?"

विचारलं नाही, मी म्हटलं.
गप्प राहायला सांगितलं होतं त्यानं.