तिसरं सील

उजव्या मागच्या चाकाखाली, शहाबादी फरशीवर
रोज सकाळी एक डाग.
आधी पुरीएवढा, मग ताटाएवढा.
मी त्यावर गिरणीतला केर टाकायचे,
धण्याची टरफलं, हळकुंडांचा चुरा,
आणि समोरच्या देवस्थळेकाकू गॅलरीतून म्हणायच्या,
गाडी म्हातारी झाली गं तुझी, काढून टाक.

अठ्ठ्याण्णवची पिकअप.
बेडियाहून मिरची आणते, रामबागेत मी दळते.
म्हातारी काय म्हणून?

फेब्रुवारीत देवास नाक्यावर सील बदललं.
मेमध्ये पुन्हा, लोहा मंडीत, महागातलं.
ऑगस्टात भेरूघाट उतरताना
ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे ओढू लागली.
मागे नुसता रिकामा बारदाना.
नाकात तो वास, सडक्या लसणासारखा,
गियर ऑइल तापल्याचा.
उजवे ब्रेकशू पोटभर तेल प्यायले होते
आणि आता त्यांना काही धरवत नव्हतं.
पहिल्या गियरवर, देवाचं नावही न आठवता
मी खाली पोचले.

तेजाजी नगरला भेरूलालचं गॅरेज आहे:
एक कडुलिंब, दोन जॅक, एक तिरकी खाट.
घाटाचं नि याचं नाव एकच, म्हणून मी आधी टाळत होते.
ड्रम ठोकून निघाला
तसा तो सात वेळा शिंकला.
चाकाच्या सांध्यासांध्यात मिरची होती.

ॲक्सल बाहेर आला, लांबलचक, ओला,
विहिरीतून काढलेल्या बादलीच्या दोरासारखा ठिबकत.
भेरूलालने तो फडक्याने पुसला
आणि माझा अंगठा धरून त्यावर टेकवला.
देखो जीजी.
नखाला एक रेघ लागली.
गोल, बारीक, पूर्ण फिरून येणारी.
तिथे रबराचा ओठ टेकलेला असतो, म्हणाला,
मऊ, लिबलिबीत रबर,
त्याने पोलाद कोरलंय.
मी पुन्हा पुन्हा नख फिरवत राहिले.
किती वर्षं लागली असतील, विचारलं.
तो पाना शोधत होता.

नवं सील त्याने ग्रीस लावून,
जुन्या बेअरिंगची कडी वर ठेवून,
लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू बसवलं,
आधीच्यापेक्षा अर्धा सूत आत,
म्हणजे ओठ त्या रेघेवर नको, कोऱ्या जागी टेकेल.
नवे लायनर. नवं तेल.
मला वाटलं, झालं.

पण तो पाठीवर झोपून पुन्हा खाली सरकला.
बराच वेळ फक्त त्याच्या चपला दिसत होत्या,
एकीचा अंगठा तारेने बांधलेला.
मग आतून आवाज:
सील को कंई दोस, जीजी? इनको तो दम घुटे है.

डिफरन्शियलच्या डोक्यावर
एक इवलीशी टोपी असते, करंगळीच्या पेराएवढी.
तिच्यातून तापलेली हवा बाहेर जाते.
ती चिखलाने, आणि चिखलात मिसळलेल्या मिरचीने
मिरचीच्या, माझ्याच,
गच्च बसली होती.
हवेला वाट नाही,
मग तेल रेटून सीलच्या ओठातून बाहेर.
दोन गॅरेजं, दोन सीलं, सात महिने,
आणि कुणी तिकडे वर बघितलंच नाही.
मीही नाही.

कुछ बारीक है कंई?
मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून
गाडीखाली हात घातला.
खरवडण्याचा आवाज. मग एक सुस्कारा,
अगदी खरा,
फुस्स करून, कुकरच्या शेवटच्या वाफेसारखा.
भेरूलाल परत शिंकला.

हिशेब त्याने सीलच्या पुठ्ठ्यावर लिहिला.
टोपीचे पैसे लावले नाहीत.
घासाघीस मी लायनरवर केली.

आता गाडी नेहमीच्या जागी उभी असते.
जुना डाग फरशीतून जात नाही,
देवस्थळेकाकू अजून त्याच्याकडे बघूनच बोलतात.
पिन मी साबणाने तीनदा धुतली.
तरी दुपारी मिरची चाळताना
हात नाकाशी गेला की
तिखटाच्या मागून
सडक्या लसणाचा तो वास येतो,
आणि मी चाळणी थांबवून
गिरणीची मागची खिडकी उघडते.