पेशा : स्टोअरकीपर

बताक्यावर एकोणीस वर्षं हाच शब्द छापलेला.
सरनोबत सरांनी उभ्या जन्मात
खिळ्यांचा एक डबासुद्धा मोजून घेतला नव्हता.
मोजले ते गोल.
लाल पाठीच्या खतावणीत, बोरूसारख्या अक्षरात,
मारलेले जमेला, खाल्लेले नावे.

सोहारच्या कॉलेजला फुटबॉलचा कोच हवा होता,
व्हिसा मात्र गोदामाचा शिल्लक होता.
"चालतंय की," म्हणाले.
कोल्हापुरात एका तालमीनं त्यांना
फायनल हरल्याच्या रात्रीच काढलेलं,
दुसरीनं घेतलं, तिनंही काढलं,
तिसरीनं विचारलंच नाही.

मैदान म्हणजे वाळू.
चुन्याची रेघ वारा संध्याकाळपर्यंत ठेवत नसे,
म्हणून मुराद बलूशीच्या गॅरेजातलं जळकं ऑइल
डब्याला भोक पाडून
ते स्वतः वाकून आखत जायचे.
मी गोली. चार वर्षं माझे गुडघे काळेच.

इशाची नमाज सुटली की सराव.
पलीकडे अॅल्युमिनियमच्या कारखान्याचा उजेड,
अलीकडे खजुरीची बाग, तिथं गेलेला चेंडू
शेळ्या हुंगून सोडून द्यायच्या.
सर अरबीत मोजायचे, हिंदीत पळवायचे,
शिव्या तेवढ्या पेठेतल्या.
हमूद मक्बालीला मराठीतले सहाच शब्द येत,
त्यातला एकही
घरात उच्चारण्यासारखा नव्हता.

पहिल्या वर्षी अकरा सामने, अकरा हार.
डीननी चहाला बोलावलं,
चहा आला नाही.
दुसऱ्या वर्षी दोन जिंकलो.
सातव्या वर्षी बातिनाचा कप.
पेपरात नाव आलं, सिरनूबात असं काहीतरी,
त्यांनी ते कात्रण खतावणीत डकवलं,
उलटं.
मला दिसलं होतं. हमूदलाही.
दोघंही काही बोललो नाही.

मग हळूहळू पुन्हा नावेची बाजू जड.
ट्युनिसचा एक तरुण आला, लॅपटॉप घेऊन,
वरून चित्र काढणारं यंत्र घेऊन.
सरांनी ते यंत्र बराच वेळ मान वर करून पाहिलं,
म्हणाले, "घारीगत फिरतंय, पण पोरगं दमलंय का
ते तिथनं दिसतंय व्हय?"

कागदावर निवृत्त होत होता तो स्टोअरकीपर.
ऑफिसातला माणूस गोदामाचा चार्ज घ्यायला आला.
कुठलं गोदाम? सरांनी कधी पाहिलेलं नाही.
तरी बसले, यादी केली :
चेंडू चौदा, पैकी फुटके नऊ.
शिट्टी एक.
जाळी, एका बाजूची.
ऑइलचा डबा, भोक पडलेला.
खाली सही, हुद्द्यासकट.
एकोणीस वर्षांत ती नोकरी
त्यांनी त्या दुपारी वीस मिनिटं केली.

मस्कतच्या विमानतळावर काचेमागे हमूद,
खांद्यावर पट्ट्या, दाढीत थोडं पांढरं.
पासपोर्ट घेतला, शिक्का उचलला, तसाच धरला.
"सर, त्या सेमीफायनलला
मला बाकावर का बसवलंत?"
मागे रांग. कुणाचं तरी मूल रडत होतं.
वाद घालायची सवय असलेला हा माणूस,
रेफ्रीशी, डीनशी, पंक्चर काढणाऱ्याशी.
म्हणाला, "चुकलं माझं."
हमूदनं शिक्का मारला.
हे मला हमूदनंच सांगितलं,
सरांनी नाही.

सरांचा फोन आला तो उतरल्यावर.
खतावणी माझ्याकडे सोडली होती.
"ती सेमीफायनलची तारीख काढ," म्हणाले,
"शेऱ्याच्या रकान्यात लिही : कोचची चूक."
बरं म्हणालो.

रकाना कोराच आहे अजून.
रोज रात्री ड्यूटीवरून येऊन उघडतो, पेन काढतो.
त्या दिवशी आम्ही तीन गोल खाल्ले.
हमूद आघाडीला खेळायचा.
गोलात मी होतो.