सा हलतो तेव्हा

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा सा घसरला.
पंधरा वर्षं काळी तीनवर उभा होता,
आता दोनवरसुद्धा सकाळी खरखरतो.
डॉक्टर म्हणाले, आवाज राहिला हे नशीब समजा.
मी समजले.
बोटांना कोण सांगणार?

घणसोली गावठाणात
हिराजी मढवींचं पेट्या दुरुस्तीचं दुकान.
दुकान म्हणजे ओटा, वर एक ट्यूबलाइट,
आणि वर्तमानपत्रावर पितळी सूर पसरलेले,
जवळा सुकत घातल्यासारखे.

माझा भाता चिकटवून झाला होता.
म्हणाले, वाजवून बघा.
मी तानपुऱ्याची डबी नव्या सा वर लावली, काळी दोन,
आणि डोळे मिटून माझा भूप धरला,
पाच काळ्या, जशा पाठ आहेत तशा.

भूप आला नाही.
आलं ते कुणी ओळखीचंच,
पण दुसरं आडनाव लावून.

मढवी हसले. "भूप कुठला, धानी वाजतेय ती.
पट्ट्या त्याच ठेवल्यास बाय, सा तेवढा हलविलास."
मग डबीचा खुंटा पिळत
त्याच पाचांत मला फिरवून आणलं.
काली एकला घर केलं तर दुर्गा,
चारला केलं तर मेघ.
पाचवर जरा थांबले, भाता सावकाश ओढला,
आणि ओट्यावर मध्यरात्र झाली.
मालकंस.
बाहेर साडेचारचं ऊन होतं,
शेजारचा पोरगा स्कूटर धूत होता.

"मला भूपच हवाय," मी म्हटलं. हट्टानं.
"माझ्या आताच्या सा वर."

"मग काल्यांवर बसून नाय चालायचं.
काली दोन, पांढरी चार, पांढरी पाच,
काली पाच, वरची पांढरी एक.
अंतरं मोड नको. घर बदल."

माझी बोटं खाली उतरली.
पांढऱ्या पट्ट्या खोल लागल्या,
ओहोटीला खाडीत पाय टाकावा तशा.
गंधार चुकला. पुन्हा चुकला.
मग एकदा, अर्धा श्वासभर,
भूप.

"कुठं शिकलात हे सगळं?"
त्यांनी पेचकस खाडीकडे रोखला,
तिथे काचेचा टॉवर उन्हात डोळे दिपवत होता.
"तिकडं आमचं मिठागर. बापूस तिथं रातचा पेटी वाजवायचा.
खाडी तीच हाय. पारसिकचा डोंगर तोच.
आमी कुठं हललो नाय.
सा तेवढा सेक्टरांनी नेला."
आणि मग, सूर पुसता पुसता, स्वतःशीच,
"म्हनून वेगला वाजतो गाव."

तीनशे रुपये घेतले. पन्नास परत दिले,
का ते सांगितलं नाही.

पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.
झाकणावर बोटं चालूच,
काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच,
नाही, जरा अलीकडे पडलं.
कंडक्टर दोनदा विचारून गेला असावा.
"ऐरोली," मी म्हटलं,
आणि तो शब्द
इतक्या खालून आला
की शेजारच्या बाईनं वळून बघितलं.
मी पुन्हा म्हटलं, ऐरोली.
या वेळी जरा ऐकत.